न दिसलेली पाटी आणि उचलून नेलेली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये एक बाई गाडी चालवत निघाल्या होत्या. नुकत्याच इस्पितळातून बाहेर पडलेल्या, मन थाऱ्यावर नाही. वाटेत एकाएकी मळमळायला लागलं म्हणून त्यांनी मोकळी जागा दिसली तिथे गाडी घेतली, जरा बाजूला जाऊन उलटी केली आणि काही मिनिटांत परतल्या. तेवढ्यात चाकाला जॅमर लागला होता. जागा खासगी होती. तशी पाटीही भिंतीवर होती, पण शेजारी एक उंच, दणकट गाडी उभी होती आणि पाटी तिच्याआड गेली होती. जॅमर काढून घ्यायला बाईंना पैसे भरावे लागले.

त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, पण अपिलात, 2000 साली, निकाल फिरला. अपील कोर्टाने म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीला हात लावणं हे मुळातच बेकायदा आहे. गाडीवाल्याने पाटी पाहिली, इथे गाडी लावली तर काय होईल ते त्याला कळलं आणि तरीही त्याने गाडी लावली, तर त्याने तो धोका पत्करला असं धरता येतं. या बाईंनी पाटी पाहिलीच नव्हती. मग त्यांनी पत्करलं काय?

खासगी पार्किंगमधून गाडी उचलून नेली जाते तेव्हा सगळा वाद शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. आपली जागा मोकळी ठेवण्याचा मालकाचा हक्क मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाला स्वतःच्या जागेत परकी गाडी उभी दिसली की काय होतं, ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. अग्निशमन दलाच्या वाटेवर किंवा अपंगांसाठी राखलेल्या जागेवर लावलेली गाडी तर हटवायलाच हवी. पण दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी घेऊन जाण्याचा अधिकार फार मोठा आहे. तो ज्याला वापरायचा आहे, त्याने आधी नीट, दिसेल असं, समजेल असं सांगितलं पाहिजे. सांगितलंच नाही, तर तो अधिकार उरत नाही.

इंग्लंडमध्येच 1971 साली एका पार्किंगच्या खटल्यात लॉर्ड डेनिंग या न्यायाधीशांनी हे फार ठसठशीतपणे मांडलं. तिथे दारावरच्या यंत्रातून तिकीट यायचं आणि अटी आतल्या भिंतीवर लावलेल्या असायच्या. गाडी आत गेल्यावर अट वाचून काय करणार? डेनिंग म्हणाले, माणसाचे हक्क इतके हिरावून घेणारी अट असेल तर ती लाल शाईत छापावी आणि शेजारी तिच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढावा, तेव्हा कुठे ती लक्षात आणून दिली असं म्हणता येईल. दुसऱ्या बाजूचाही दाखला सांगते. 2015 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खरेदी संकुलाच्या पार्किंगमध्ये ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्याबद्दलचा 85 पौंडांचा आकार योग्य ठरवला. तिथे प्रवेशापाशी आणि आवारभर मिळून वीसेक मोठ्या, ठळक पाट्या होत्या. मला हे दोन्ही निकाल एकमेकांना धरून वाटतात.

आता पाट्या नीट का नसतात, याकडे येते. कधी तो नुसता आळस असतो. पाटी उन्हाने उडालेली, झाडाच्या फांदीत गेलेली, एका दाराला आहे आणि दुसऱ्या दाराला नाही. पण कधी कारण पैशात असतं. पुष्कळ ठिकाणी जागामालक टोइंगवाल्याला एक पैसा देत नाही. टोइंगवाल्याची सगळी कमाई गाडीमालकाकडून येते, आणि ती जितक्या गाड्या उचलल्या तितकी. अशा व्यवस्थेत स्वच्छ, मोठी, उजेडातली पाटी लागली तर लोक गाड्या लावणार नाहीत आणि धंदा बसेल. पाटी अस्पष्ट राहण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याच्यावर पाटीची जबाबदारी सोडणं मला अन्यायाचं वाटतं. प्रामाणिक टोइंगवाले आहेत, आणि या व्यवस्थेत तेही बदनाम होतात.

म्हणूनच काही ठिकाणी कायद्याने पाटीचं मापसुद्धा ठरवून दिलं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार जागामालकाने पाटीच्या भरवशावर गाडी उचलायची असेल, तर ती पाटी प्रत्येक प्रवेशापाशी हवी, किमान 17 इंच बाय 22 इंच हवी, अक्षरं किमान एक इंच उंच हवीत. त्यावर स्थानिक पोलिसांचा फोन नंबर हवा आणि टोइंग कंपनीचं नाव आणि नंबरही हवा. टेक्सासमध्ये तर पाटीची खालची कड जमिनीपासून पाच फुटांच्या खाली आणि आठ फुटांच्या वर असू नये, असं लिहिलेलं आहे. का, ते गाडीत बसून पाहिलं की लगेच कळतं. त्याहून खाली असलेली पाटी उभ्या गाड्यांमागे लपते आणि त्याहून वरची ड्रायव्हरच्या नजरेत येत नाही. कायदा लिहिणारा कुणीतरी प्रत्यक्ष जागेवर गेला असावा, असं मला हे वाचताना वाटतं.

कॅलिफोर्नियाच्याच कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार आवडते. गाडी उचलायला आले आहेत आणि तेवढ्यात मालक पोचला, गाडी अजून त्या आवाराबाहेर गेलेली नाही, तर ती तिथेच सोडावी लागते. गाडी आकड्याला जोडून उचललेली असेल तर नेहमीच्या दराच्या निम्म्याहून जास्त आकार घेता येत नाही. शिवाय, टोइंगवाल्याने आवारात फिरून आपल्या मनाने गाड्या निवडायच्या नाहीत. जागामालकाने किंवा त्याच्या माणसाने तिथे हजर राहून त्या त्या गाडीसाठी लेखी सांगितलं पाहिजे. अपवाद आहेत, ते अग्निशमनाची वाट अडवणाऱ्या किंवा येण्याजाण्याचा रस्ता अडवणाऱ्या गाड्यांसारखे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर 1 ऑक्टोबर 2012 पासून खासगी जागेत जॅमर लावणं किंवा गाडी हलवणं, कायदेशीर अधिकार नसेल तर, गुन्हाच ठरला आहे. तिथल्या जागामालकांच्या हाती आता पैसे मागण्याचा मार्ग आहे, गाडी अडकवण्याचा नाही.

समजा, तुम्ही परत आलात आणि गाडी जागेवर नाही. सगळ्यात आधी पोलिसांना फोन करा. गाडी चोरीला गेली की उचलली गेली, हे तिथे कळू शकतं, आणि तुम्ही किती वाजता चौकशी केली याची नोंदही होते. मग, संतापात तडक टोइंगच्या आवाराकडे धावू नका. दहा मिनिटं तिथेच थांबा आणि फोटो काढा. पाटीचा जवळून फोटो काढणं सोपं असतं आणि तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण जवळून प्रत्येक पाटी वाचता येते. ज्या वाटेने तुम्ही आत शिरलात त्या वाटेवरून, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्या. एक फोटो दाराचा, एक तुमची गाडी उभी होती त्या जागेवरून चहूकडे. रात्र असेल तर फ्लॅश न लावता काढा. फ्लॅश लावला की अंधारातली पाटीही उजळून दिसते आणि तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध जातो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, कारण दुसऱ्या दिवशी कधी कधी तिथे नवी कोरी पाटी लागलेली असते.

गाडी सोडवताना बहुतेकांना पैसे भरावेच लागतात. आवारात ठेवण्याचं भाडं रोज चढतं, त्यामुळे तत्त्वासाठी गाडी तिथेच ठेवून भांडणं महाग पडतं. पैसे भरा, पण पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा की हरकत नोंदवून पैसे भरत आहे. पावतीत उचलण्याचे किती, ठेवण्याचे किती, हे वेगळं लिहून मागा. कुणाच्या सांगण्यावरून गाडी उचलली त्याचं नाव मागा. आणि गाडी बाहेर काढण्याआधी तिला एक फेरी मारून बघा. हॅण्डब्रेक लावलेला असताना किंवा गिअरमध्ये असताना चाकं जमिनीवर घासत नेली, तर टायर आणि गिअरबॉक्स दोन्हींना इजा होऊ शकते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांमध्ये तर दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवणंसुद्धा घातक ठरतं. बंपर, खालची बाजू, रिम यांचे फोटो तिथल्या तिथेच काढा. एकदा गाडी आवाराबाहेर नेलीत की तो ओरखडा कुणाचा, हे सिद्ध करत बसावं लागतं.

त्यानंतर तक्रार लिहा, आणि ती टोइंग कंपनीइतकीच जागामालकालाही लिहा. हे पुष्कळ जण विसरतात. पाटी लावण्याची जबाबदारी बहुधा मालकाची असते, आणि कंपनीला बोलावलेलंही त्यानेच असतं. मुदतीकडे लक्ष ठेवा. टेक्सासमध्ये सुनावणी मागायला सुट्ट्या वगळून 14 दिवस मिळतात. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, पण मुदती बहुधा लहानच असतात.

ऐकणाऱ्यांत जागामालकही असतील, संस्थांच्या समितीवरची मंडळीही असतील. त्यांना माझी विनंती आहे. आज अंधार पडल्यावर आपल्या आवाराबाहेर जा, गाडीत बसा आणि प्रत्येक दाराने एकदा आत या. पाटी ब्रेक लावण्याआधी वाचता आली का, ते बघा. नाही आली, तर ती बदलून होईपर्यंत टोइंगवाल्याला बोलावणं थांबवा.

नमस्कार.