शेवटच्या दिवशी डाइव्ह का नसते?

‘अख्ख्या ट्रिपचे पैसे घेतले आणि शेवटच्या दिवशी पोरांना पाण्याखाली नेलंच नाही!’ सेलिंग-स्कूबाच्या ट्रिपवरून मुलं परतली की ही तक्रार दादरच्या फलाटावरच सुरू होते. नमस्कार मंडळी. आज मी कॅम्पवाल्यांची बाजू घेणार आहे. म्हणजे सगळ्यांची नाही हं. जो कॅम्प शेवटच्या सकाळीसुद्धा पोरांच्या पाठीवर टँक चढवतो, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आत जातो, बाहेर येतो, आपलं काही बिघडत नाही. पाण्याखाली मात्र दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर, म्हणजे ओपन वॉटर या स्कूबाच्या सुरुवातीच्या सर्टिफिकेटवाल्याची जी मर्यादा असते तिथे, दाब जमिनीवरच्यापेक्षा जवळपास तिप्पट. त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत राहतो. वर आलात की तो फुफ्फुसांवाटे निघून जातो, पण त्याला कित्येक तास लागतात. म्हणून तर वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं. मुलांना ही ३ मिनिटं भयंकर कंटाळवाणी वाटतात, एकमेकांना वेडावून दाखवत कशीबशी काढतात.

घाईने दाब उतरला तर गोटी सोडा फोडल्यावर होतं तेच होतं. बुडबुडे. फक्त ते सांध्यांत, कातडीखाली, वाईट नशीब असेल तर मज्जारज्जूत. हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने, १९०८ साली, शेळ्यांवर प्रयोग करून. बिचाऱ्या शेळ्या!

आता विमान. आत बसल्यावर जाणवत नाही, पण उडताना केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच राहू शकतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे सकाळी समुद्राच्या तळाशी आणि संध्याकाळी कळसूबाईच्याही वर. अंगात उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला आणखी काय हवं?

(स्क्रीनवर: १२ तास / १८ तास)

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी संस्था, जिला सगळे डॅन म्हणतात, तिचं म्हणणं असं: साधी एकच डाइव्ह झाली असेल तर उडण्याआधी किमान १२ तास थांबा. दिवसात अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास. सर्टिफिकेटच्या कोर्समध्ये समुद्रातल्या चार डाइव्ह असतात आणि त्या एका दिवसात उरकत नाहीत, म्हणजे मुलं थेट १८ तासांच्या रांगेत. दुपारी ४ ला पाण्यातून बाहेर आला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आधीचं तिकीट नको. मी तर म्हणेन पूर्ण २४ तास धरा. स्वस्त मिळालं म्हणून पहाटेचं विमान पकडायचं आणि तेवढ्यासाठी हे तास कापायचे, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

अंदमानला जाणाऱ्यांचं काम थोडं सोपं होतं. स्वराज द्वीपहून, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावरून, फेरीने विमानतळाच्या गावी यायचंच असतं, त्यात वेळ जातोच. मालवणचं काय? मुंबईकर म्हणेल, आम्ही कुठे उडतोय, कुडाळहून रात्रीची गाडी पकडतो. बरोबर. कोकण रेल्वे किनाऱ्याच्या बाजूने येते, फार उंच चढत नाही. पण त्याच बॅचमध्ये कोल्हापूरचा आणि पुण्याचा मुलगा असतो ना! दाबाचा प्रश्न विमानापुरता नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगवाले त्याला उंचीच धरतात. आंबोली ७०० मीटरच्या आसपास, कोल्हापूर आणि पुणे साधारण ५५० मीटरवर. दुपारी डाइव्ह, जेवून लगेच जीपने घाट चढायला सुरुवात, हे चालत नाही. घाट दुसऱ्या दिवशी चढा. ही गोष्ट आईवडिलांना कोणी सांगतच नाही, म्हणून आजचा व्हिडिओ.

मग शेवटच्या दिवशी करायचं काय? शीड! माझं मत स्पष्ट आहे: स्कूबा आधी, सेलिंग शेवटी. मालवणचं पाणी आटपून परत यायचं आणि समारोप मुंबईच्या बंदरात. भूगोलात शिकलेले खारे वारे इथे कामाला येतात. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि होडी पळते. शेवटच्या दिवशी इन्स्ट्रक्टर गप्प बसतो, सुकाणू पोरांच्या हातात. होडी मुद्दाम उलटवायला लावतात. एकाने पाण्यातून पोहत मागून यायचं, डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणारी आणि आता वर आलेली जी फळी असते तिच्यावर, पाय रोवायचे, होडीची कड धरून मागे झुकायचं. शीड पाण्याने जड झालेलं असतं, आधी काहीच हलत नाही. मग एकदम चुळूक करून पाणी सुटतं आणि होडी उठते. पंधरा वर्षांच्या मुलीने हे जमवलं की तिचा चेहरा बघा.

फक्त डाइव्ह करून आल्याआल्या हे नको, नांगर ओढणंही नको. डाइव्हनंतर काही तास दमछाकीची कामं टाळायची असतात. आणि पाण्यात पडलेला चष्मा काढायला श्वास रोखून बुडीसुद्धा मारायची नाही.

आता कान देऊन ऐका. परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, खांदा दुखतोय, हाताला मुंग्या येताहेत, अंगावर चट्टे उठलेत, नाहीतर एरवी बडबड करणारा भलताच गळून गेलाय, तर ‘दमलाय बिचारा, झोपू दे’ म्हणून सोडू नका. बहुतेकदा नुसती दमणूकच निघेल. पण बुडबुड्यांची लक्षणंही अशीच दिसतात, आणि या वयाची मुलं मित्रांसमोर दुखणं लपवण्यात पटाईत. ऑक्सिजन आणि डॉक्टर, ताबडतोब. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: हा डाइव्ह करून आलाय, शेवटची अमुक वाजता, इतक्या मीटरवर. डॉक्टरांना स्वतःहून ते सुचेलच असं नाही.

आणि हे आकडे कुठे मिळतील? लॉगबुकात. शेवटच्या संध्याकाळी सगळी मुलं एका टेबलाभोवती बसून ती भरतात: खोली, वेळ, टँकमध्ये उरलेली हवा, इन्स्ट्रक्टरची सही. अर्धी पोरं मासे काढत बसतात, काढू द्या. पण सही झाल्याशिवाय मुलाला तिथून उठू देऊ नका, असं कॅम्पवाल्यांना आधीच सांगून ठेवा. पुढच्या वेळी कुठल्याही सेंटरवर गेलात की आधी तीच वही मागतात.

पैसे भरायच्या आधी कॅम्पला फोन करा आणि एवढंच विचारा: शेवटची डाइव्ह किती वाजता संपते, आणि परतीची गाडी कुठल्या घाटाने जाते?