‘ग’चा तिसरा बाइट

(दृश्य : संध्याकाळ. सारवलेलं अंगण. पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी. मुलींच्या हातात टिपऱ्या.)

अमरावती जिल्हा, तिवसा तालुका. भाद्रपदाच्या पौर्णिमेला इथं घरोघरी भुलाबाई बसते आणि कोजागिरीच्या रात्री तिची बोळवण होते. महिनाभर रोज संध्याकाळी मुली एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात. गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखतात. ही गाणी कुणी लिहून दिलेली नाहीत. आजीकडून नातीकडे आली, आणि प्रत्येक घरात थोडी बदलली.

या गावातल्या एका मास्तरांनी ती कॅसेटवर भरून ठेवली होती. कॅसेटच्या आतल्या कागदावर बॉलपेननं प्रत्येक गाण्यापुढं गाणारणीचं नाव लिहिलं. पुढं त्यांनी शहरात जाऊन कॅसेटांच्या एमपीथ्री फाईली करून घेतल्या आणि तीच नावं टाइप करून घेतली. कागद पावसाळ्यात भिजून गेला. राहिला तो पेनड्राइव्ह.

(दृश्य : ओसरीवर छोटा स्पीकर. त्याच्या पडद्यावर सरकणाऱ्या चौकटी.)

आम्ही तो पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. आवाज स्वच्छ आला. पलीकडं तांदूळ निवडत बसलेल्या आजी थांबल्या. म्हणाल्या, “हा तं माहाच आवाज हाय.” मग त्यांनी नातीला पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. नातीला वाचता येईना. आजी म्हणाल्या, “मंग माहं नाव कोठी गेलं?”

हा माहितीपट त्या प्रश्नामागं निघाला आहे.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. एकाच फाईलची आतली बाजू, आकड्यांच्या रांगा.)

एमपीथ्री फाईलमध्ये गाण्यासोबत एक चिठ्ठी असते. तिला टॅग म्हणतात. १९९६ साली निघालेला पहिला टॅग फाईलच्या शेवटी चिकटवलेला असे, आणि त्याची लांबी नेमकी १२८ बाइट. बाइट म्हणजे साठवणीतला एक कप्पा, त्यात शून्य ते २५५ मधला एकच आकडा मावतो. त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, म्हणून करणाऱ्यांना ३० जागा पुरेशा वाटल्या. लिपी कोणती, हे सांगायची सोयच त्या चिठ्ठीत नव्हती.

आता आपलं अक्षर घ्या. आज बहुतेक ठिकाणी मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवतात, आणि तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इथं चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. ‘राष्ट्रसंत’ हा शब्द मोजा. चिन्हं दहा, बाइट ३०. या मातीत खंजिरीवर भजनं गाणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्या चिठ्ठीत लिहायला गेलं, तर बिरुदावरच जागा संपते. तुकडोजी बाहेरच राहतात.

आमच्या फाईलींच्या चिठ्ठीत नाव होतं ‘भुलाबाईची गाणी’. ‘भुलाबाईची’ला २७ बाइट लागले, मोकळ्या जागेला एक. उरले दोन. ‘ग’ला हवे तीन. दोन बाइट चिठ्ठीत बसले, तिसरा कापला गेला. उरलेल्या दोन बाइटांचं काय करावं हे यंत्राला कळत नाही, म्हणून तिथं काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह दिसतं. एवढ्या फाईलींमध्ये तो अर्धवट ‘ग’ बघताना मला वाईट वाटत राहिलं.

(दृश्य : पडद्यावर एकच ओळ, हळूहळू मोठी होत जाते.)

दुसऱ्या फाईलींचं दुखणं निराळं होतं. त्यांच्यात नवा टॅग होता. तो फाईलच्या सुरुवातीला असतो आणि त्यात हवी तेवढी जागा मिळते. १९९९च्या आवृत्तीत प्रत्येक मजकुराआधी एक बाइट ठेवलेला आहे, पुढचा मजकूर कसा वाचायचा ते सांगायला. तिथं शून्य असेल, तर मजकूर पश्चिम युरोपच्या लिपीतला, म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर हे त्या लिपीच्या तक्त्यातून वाचायचं. एक असेल, तर युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांचा एकत्र तक्ता. २०००च्या आवृत्तीत यूटीएफ-८लाही आकडा मिळाला, तीन.

घोटाळा झाला तो याच बाइटापाशी. मजकूर यूटीएफ-८मधला मराठी, आणि त्यापुढं आकडा शून्य. मग वाचणारं यंत्र आकड्यावर विश्वास ठेवतं आणि आपली अक्षरं युरोपची समजून एकेक बाइट सुटा वाचतं. म्हणून पडद्यावर इंग्रजी ए दिसतो, डोक्यावर तिरकी काडी असलेला, फ्रेंचमध्ये असतो तसा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, आणि त्या युरोपीय तक्त्यात २२४ म्हणजे तोच काडीवाला ए. दर तिसऱ्या जागी तो येतो. दुसरा बाइट १६४ किंवा १६५. व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांचा १६४, तिथं चार टोकांचं चलनाचं चिन्ह उमटतं. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांचा १६५, तिथं जपानी येन.

हे कळलं तेव्हा मी आजींच्या नावाची ओळ पुन्हा पाहिली. काडीवाला ए, चलनचिन्ह, मग पुन्हा ए, पुन्हा चलनचिन्ह, मग ए आणि येन. कचरा नव्हता तो. नाव तिथंच होतं, एकही बाइट न हरवता. फक्त चुकीच्या तक्त्यातून वाचलं जात होतं.

अशी ओळ घाईनं पुसू नये, हे मी कळकळीनं सांगतो. दिसतंय तेच कॉपी करून दुसरीकडं चिकटवूही नये. आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ आहे, आणि विंडोजच्या जुन्या पश्चिमी तक्त्यात १४१ची जागा रिकामी आहे. या उलथापालथीत हलन्त गळून पडला, तर पुढं ‘राष्ट्रसंत’चं ‘राषटरसंत’ होतं.

(दृश्य : बाजाराचा दिवस. मोबाइलचं दुकान, मेमरी कार्डांची पेटी.)

काही फाईलींत अख्खा मजकूर इंग्रजी अक्षरांचा निघाला. तो कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. त्या फॉन्टमध्ये अक्षर इंग्रजीच साठवलं जातं, फक्त चित्र मराठीचं दिसतं. ‘मराठी’ लिहायला ई, जे, के, बी, एच ही बटणं दाबायची. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उरतात ती नुसती बटणं. ती रूपांतर करून परत मिळतात.

आणखी एक प्रकार बाजारातल्या मेमरी कार्डांवर भेटला. गाणी उतरवून घेतलेल्या संकेतस्थळानं गायकाच्या जागी स्वतःचा पत्ता घातलेला असतो. तिथं माणसाचं नाव शोधायलाच जागा नाही. मला याचा राग येतो.

(दृश्य : पुन्हा ओसरी. नात लॅपटॉपसमोर.)

आम्ही आधी पेनड्राइव्हची पूर्ण नक्कल केली आणि मूळ तसाच ठेवला. मग एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये युरोपीय समजलेला मजकूर यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचायला लावला. एकेक ओळ मराठी होऊन समोर आली. नंतर १९९९च्याच आवृत्तीत, पण युनिकोडचा आकडा घालून ती लिहिली, कारण जुनी यंत्रं ती आवृत्ती जास्त ओळखतात. शेवटची १२८ बाइटांची चिठ्ठी काढून टाकली. गावातल्या स्पीकरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, तिथं बरोबर नावही चौकटींतच दिसणार. म्हणून फाईलचं नाव रोमनमध्ये ठेवलं आणि टॅगमध्ये मराठी.

नातीच्या मोबाइलवर आजींचं नाव आलं. नातीनं ते वाचून दाखवलं. आजींनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाल्या, “पुन्ना वाच बरं.”

(दृश्य : पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं.)

सात फाईली मात्र उरल्या. त्यांच्यात कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं मराठीला जागा सापडली नाही म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहून टाकलं होतं. प्रश्नचिन्हाचा बाइट ६३. दहा चिन्हांच्या नावाचे दहा ६३, आणि कुठल्याही दहा चिन्हांच्या नावाचे तेच. यातून परत येण्याची वाट नाही.

म्हणून आम्ही स्पीकर घेऊन घरोघरी गेलो. गाणं लावायचं आणि विचारायचं, हा आवाज कुणाचा? पहिल्या दोन ओळींतच बायका ओळखत होत्या. कुणी सासूचा आवाज ओळखला, कुणी लग्न होऊन वर्ध्याकडं गेलेल्या बहिणीचा. एका घरात गाणं संपेपर्यंत कुणी बोललं नाही, मग आतून एक म्हातारी बाई पुढचं कडवं म्हणतच बाहेर आली. सहा नावं मिळाली. नातीनं ती टाइप केली, प्रत्येक हलन्त नीट तपासून.

सातव्या फाईलमधला आवाज लहान मुलीचा आहे. मागं टिपऱ्या वाजतात, एक म्हैस हंबरते, आणि खिरापत ओळखताना मुलगी हसते. या गावात तो कुणी ओळखला नाही. गाणाऱ्याच्या रकान्यात आम्ही काही लिहिलेलं नाही. उद्या नदीपलीकडच्या गावात तो ऐकवायचा आहे, तिथंही भुलाबाई बसलेली आहे.

(आवाज : टिपऱ्या, मुलीचं हसणं. पडदा काळा.)