क्रोमरच्या धक्क्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफकमध्ये, क्रोमर नावाचं लहानसं गाव आहे. तिथला धक्का 1901 सालचा. सुट्टीच्या दिवसांत कठड्याला मुलांची ही गर्दी! दोरीच्या टोकाला बेकनचा तुकडा, शेजारी पाण्याची बादली, आणि खेकडा वर आला की एकच आरडाओरडा. पुढे नाट्यगृह. आणि त्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला, लाइफबोटीचं, म्हणजे समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवायला निघणाऱ्या बोटीचं ठाणं.

जत्रेच्या जागी हे ठाणं कशाला? पूर्वी वल्ह्यांची बोट पुळणीवरून फुटत्या लाटांत ढकलावी लागे, आणि लाटा तिला परत काठावर आणून टाकत. म्हणून 1923 मध्ये मोटारबोटीसाठी टोकाला घर बांधलं. उतारावरून सोडली की बोट थेट खोल पाण्यात.

इथला तांडेल हेन्री ब्लॉग. खेकडे पकडणारा कोळी. उन्हाळ्यात पुळणीवर पाहुण्यांना आरामखुर्च्या भाड्याने द्यायचा. त्याला पोहता येत नव्हतं, हे विशेष! 1894 ते 1947 तो बोटीवर होता. त्या काळात 873 जीव वाचले. पदकं पुष्कळ मिळाली, पण मला अप्रूप त्या खुर्च्यांचं.

9 जानेवारी 1917. वादळात एका ग्रीक जहाजावरची 16 माणसं आणून हे लोक नुकते काठाला लागलेले, तोच ‘फर्नेबो’ हे स्वीडिश जहाज सुरुंगाने दुभंगलं. गावातले तरुण युद्धावर. वल्ह्यांवर बरेचसे पन्नाशी उलटलेले. गेले, लाटांनी मागे फेकलं, वल्ही मोडली. दुसरी वल्ही घेऊन पुन्हा गेले, आणि रात्री 11 जणांना घेऊनच आले.

समुद्राने धक्क्यालाही सोडलं नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये वादळात सुटलेला एक तराफा मधूनच आरपार गेला. नाट्यगृह आणि ठाणं पाण्यात एकटं पडलं. पुन्हा जोडलं, अर्थात.

लाइफबोटीचं काम हे काही सरकारी खातं नाही. ते करणारी संस्था 1824 साली स्थापन झाली, ती देणग्यांवर चालते, आणि बोटीवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक.

ब्लॉगची ‘एच. एफ. बेली’ ही बोट काठावरच्या संग्रहालयात आहे. तिने 500हून जास्त जीव वाचवले. प्रवेशाला तिकीट नाही. बाहेर आलात की क्रोमरचा खेकडा जरूर खा. उकडून, सोलून, कवचातच भरून देतात. मालवणी मसाल्याची सवय असेल तर जरा फिक्का लागेल, एवढंच.