हक्क कोणाकडे मागायचा?

मित्रांनो, मानवी हक्क म्हटलं की कलमं पाठ करायची, अशी आपली समजूत असते. मी आज कलमांकडे उशिरा जाणार आहे. त्याआधीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट चांगली असणं आणि ती कोणाच्या तरी हक्काची असणं, यांत फरक काय?

भुकेल्याला अन्न द्यावं, हे चांगलंच. न देणाऱ्याला आपण फार तर निष्ठुर म्हणू. पण अन्न हा त्या भुकेल्याचा हक्क आहे असं म्हटलं, की देणारा दाता उरत नाही, देणेकरी होतो. घेणाऱ्यावर उपकाराचं ओझं राहत नाही. उलट तो जाब विचारू शकतो. म्हणून कोणी हक्काची भाषा केली की मी लगेच विचारतो, देणेकरी कोण?

आता नीतिशास्त्रातलं एक जुनं भांडण. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम म्हणतो, कृतीचा परिणाम बघा. सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज करा. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, बेरीज काहीही येवो. परीक्षेत दोघांवर टीपा लिहून होतात, पण खरी अडचण उदाहरणात कळते. नेहमीचं उदाहरण घ्या. शहरात बॉम्ब ठेवला आहे, एक माणूस पकडला गेला आहे, त्याचा छळ केला तर हजारोंचे प्राण वाचतील. करायचा का छळ?

वर्गात हे विचारलं की बरेच हात वर होतात. पण या गोष्टीत किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत पाहा. बॉम्ब खरोखर आहे, हे पक्कं माहीत आहे. पकडलेला माणूस तोच आहे, हेही माहीत आहे. त्याला जागा ठाऊक आहे. वेदना असह्य झाल्यावर तो खरंच सांगेल, सुटका व्हावी म्हणून वाटेल ते बोलणार नाही. ते वेळेत सांगेल. आणि दुसरा कोणताही मार्ग नाही. यातली एक कडी निखळली तरी आपल्या हातात उरतो तो फक्त छळलेला माणूस, कदाचित निरपराध. शिवाय छळ करायला शिकलेली माणसं लागतात, म्हणजे ती आधीपासून तयार ठेवावी लागतात. अपवाद म्हणून उघडलेलं दार मग बंद होत नाही. १९८४ च्या छळविरोधी करारात युद्ध, आणीबाणी, कोणतीही असाधारण परिस्थिती ही सबब चालणार नाही असं म्हटलं आहे, ते मला भाबडेपणाचं वाटत नाही. उलट, बेरीज नीट केली तरी बहुधा तिथेच पोचाल.

पण हक्क येतात कुठून? बेंथॅमला निसर्गदत्त हक्क म्हणजे निव्वळ बडबड वाटायची. हक्क हे कायद्याचं अपत्य, असं त्याचं मत. मग कायदाच अन्यायी असला तर अन्याय झालेल्याने कशाच्या आधारावर बोलायचं? या प्रश्नावर मला तरी त्याचं उत्तर अपुरं वाटतं.

१९४७ मध्ये युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना हाच प्रश्न पाठवला होता. त्या चर्चेतला एक किस्सा फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ सांगत. इतक्या टोकाच्या मतांची माणसं हक्कांच्या एका यादीवर एकमत कशी झाली, असं कोणी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: हक्कांवर आमचं एकमत आहे, फक्त 'का' असं विचारू नका! १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत हक्कांची ती यादी, म्हणजे मानवी हक्कांचा जाहीरनामा, ४८ मतांनी मंजूर झाला, ८ देश तटस्थ राहिले, विरोधात एकही मत नाही. 'का'ची जागा मोकळी ठेवली म्हणूनच हे जमलं. मुत्सद्द्यांनी ती मोकळी ठेवली ते ठीकच. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती सवलत नाही.

युनेस्कोला गांधीजींनीही उत्तर पाठवलं होतं. नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क मिळतात, हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, असं त्यांनी लिहिलं. हे वाक्य हल्ली भलत्याच लोकांच्या तोंडी असतं. आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा, असं सत्ता हातात असलेला माणूस सत्ता नसलेल्याला ऐकवतो. तान्ह्या बाळाने कोणतं कर्तव्य केलं आहे? तरी त्याला जगण्याचा हक्क आहेच. कर्तव्य आहे, पण ते आपल्यावर.

जाहीरनाम्यातल्या यादीचा कच्चा दुवा नेमका इथे आहे: कर्तव्य नक्की कोणावर? ज्यू विचारवंत हाना आरेन्ट १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटल्या. पुढे त्यांचं नागरिकत्व गेलं आणि १९५१ मध्ये अमेरिकेचं मिळेपर्यंत त्या कोणत्याच देशाच्या नव्हत्या. त्यांचं निरीक्षण बोचरं होतं. ज्याच्याकडे माणूस असण्यापलीकडे दुसरं काहीच उरलं नाही, त्याचीच दाद कोणी घेत नाही. कारण दाद घेणारी कचेरी कोणत्या ना कोणत्या राज्याची असते. त्यांनी याला हक्क असण्याचा हक्क म्हटलं.

जाहीरनाम्याचं १५ वं कलम उघडा. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असं त्यात लिहिलं आहे. ते कोणत्या देशाने द्यायचं, हे लिहिलेलं नाही. १४ वं कलमही तसंच: छळापासून वाचण्यासाठी परदेशात आश्रय मागता येतो, मिळाला तर उपभोगता येतो, पण तो देणं अमुक देशावर बंधनकारक आहे असं काही नाही. हक्क आहे, देणेकऱ्याचं नाव नाही.

ते नाव कसं घालायचं, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते आता ऐकू या.