पालच्या जंगलात एक दिवस: दादा, तो रानपिंगळा नाहीये!

रामराम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांचा एकच प्रश्न: ‘भाऊ, पालला वाघ दिसतो का?’ नाही दिसत. असं धरूनच निघा. एका साहेबांना खानदेशातलं नॅशनल पार्क हवंय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. पालचं जंगल येतं यावलमध्ये, आणि यावल हे अभयारण्य आहे, १९६९ सालचं, सातपुड्यात. झाला भूगोल.

जायचं तर जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात पालला मुक्काम करा, वनखात्याची परवानगी घ्या, गावातलाच वाटाड्या घ्या. थंडीत जा. मे महिन्यात गेलात तर तुमचंच भरीत होईल.

आता ज्यासाठी बसलोय ते. रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं, दुर्मीळ घुबड.

तुम्ही रोज फोटो पाठवता. ‘भाऊ, आमच्या गोठ्यामागच्या चिंचेवर रानपिंगळा!’ अहो, तो साधा पिंगळा. डोकं बघा ना त्याचं. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, ठळक, तांदळाची कणी सांडल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं राखाडी-तपकिरी, जवळजवळ कोरं. म्हणजे आधी डोकं. डोळे नाही, डोळे दोघांचे पिवळेच.

डोकं दिसत नसेल, पक्षी उंच बसलाय, तर पोट बघा. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि खाली पोट एकदम पांढरं. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांचे, पायजमा घातल्यासारखे. पिंगळ्याचं पोट ठिपक्या-रेघांनी भरलेलं.

आणि हेही जमत नसेल तर वेळ बघा. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळचे साडेआठ झाले होते, ऊन चांगलं वर आलेलं. वाटाड्या दादा थांबले. बोट नाही केलं, नुसती हनुवटी वर केली. वाळक्या सालईच्या शेंड्यावर, लख्ख उन्हात हा बसलेला. शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत होता, खाली पाल्यात नजर. सरडा दिसला असणार. पिंगळा त्या वेळी ढोलीत नाहीतर दाट पाल्यात पेंगत असतो. मी दादांना ठिपके, छाती, सगळं पुस्तकी सांगायला लागलो. ते म्हणाले, ‘तो घराकडचा, हा डोंगरातला.’ संपलं!

एवढं का डोकं खातोय? कारण या पक्ष्याचं वाटोळं चुकीच्या नावपट्टीनंच केलं. १८७३ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली, १८८४ नंतर पत्ताच नाही. मधे माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एक नमुना (पेंढा भरून ठेवलेला पक्षी) दाखवला: १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. खोटं! ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी शोधली. मग त्या खोट्या पत्त्यांना फाटा देऊन खरे जुने नमुने जिथून गोळा झाले होते तिथं त्या आणि त्यांचे सोबती हिंडले. नोव्हेंबर १९९७, शहाद्याजवळ, पक्षी समोर! ११३ वर्षांनी, आपल्या खानदेशात. (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, कमेंटीत भांडू नका.)

आणि हो, मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलावणारे महाभाग. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. शिकार सोडून, ढोलीतली पिल्लं सोडून तो तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. आमच्याच मागे एक जण फोन काढत होता. दादांनी त्याला परत जीपमध्ये नेऊन बसवलं. मला फार बरं वाटलं.

दुपारी काही दिसत नाही, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी खाऊन लोळा. संध्याकाळी गारबर्डी धरणावर जा. सुकी नदीचं पाणी, मागं डोंगर एकामागे एक निळे होत जातात. मी तिथं कॅमेरा बंद ठेवला, म्हणून दाखवायला काही नाही.

राहिली माझी कबुली. दोन वर्षांपूर्वी ‘दुर्मीळ रानपिंगळा सापडला’ म्हणून मी टाकलेला व्हिडिओ आठवतोय? डोक्यावर एवढे ठिपके होते, मोजता आले असते. शीर्षक आज बदललंय. तुमच्या शिव्या तशाच ठेवल्यात.