सेल्फ ऐका, धूर बघा

नमस्कार, श्रोतेहो.

कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ जवळ आली की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या ट्रकांची रांग लागते. पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी असलेली, हौद्यात कोंबड्या बसलेली गाडी एकदम ऊस ओढायला काढायची असते. मालक आला की म्हणतो, "मिस्त्री, गाडी सेल्फ घेतीय पण चालू हुईना." दुसरा म्हणतो, "सेल्फच घेईना." सेल्फ म्हणजे किल्ली मारल्यावर बॅटरीच्या जोरावर इंजिन फिरवणारी मोटर. ती इंजिन फिरवते पण गाडी पेटत नाही, आणि तीच फिरत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पण निम्मी माणसं दोन्हीवर एकच निकाल देतात, बॅटरी गेली. मग उसनवारी करून नवी बॅटरी येते, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

आज मी बोलणार आहे ते मेकॅनिकल पंपाच्या, म्हणजे ज्यांचं डिझेल कॉम्प्युटर नव्हे तर इंजिनावर फिरणारा पंप सोडतो त्या, जुन्या गाड्यांबद्दल. ज्यांना लॅपटॉप जोडल्याशिवाय काय दुखतंय ते कळत नाही, त्या नव्या गाड्या ज्याच्या त्याच्या कंपनीनं बघाव्यात. मला विचाराल तर पान्यानं खोलता येत नाही ती गाडी खेड्यात नेऊच नये. पण माझं ऐकतो कोण!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पिस्टन हवा दाबतो, सोळा-सतरा पट दाबतो. त्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या पुढं तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलनं डिझेल फवारलं की भडका होतो. तेव्हा इंजिन जोरात फिरलं पाहिजे, डिझेल पोचलं पाहिजे, आणि हवा नीट दाबली गेली पाहिजे. यातलं काय कमी पडतंय, हे एकही बोल्ट न खोलता समजतं. त्यासाठी दोन गोष्टी करा. सेल्फ ऐका आणि धूर बघा. परत सांगतो, सेल्फ ऐका, धूर बघा.

आधी सेल्फ. किल्ली मारल्यावर नुसतं 'टक्' होतं, का इंजिन रेंगाळत, कण्हत फिरतं? रेंगाळत असेल तर हवा दाबली जाईपर्यंतच तिची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरते, पेटायला काही उरत नाही. किन्नरला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनर पोराला, हेडलाइट लावायला सांगा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी नाहीतर तिची टर्मिनल. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फच्या बाजूला. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबाराच्या वर दाखवते आणि सेल्फ मारताना दहाच्या आसपास टिकते. त्याच्या फार खाली गेली तर मात्र तिचे दिवस भरले. पण बॅटरीवर खापर फोडण्याआधी टर्मिनलवरची ती पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा. आणि इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी बघा. ती गंजलेली असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. परत सांगतो, अर्थची पट्टी.

आता धूर. सेल्फ झकास फिरतोय, गाडी चालू होत नाही, तर एकानं मागं सायलेन्सरकडं उभं राहायचं. पांढरा धूर येतोय? मग डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. उष्णता कमी, कॉम्प्रेशन म्हणजे हवेचा दाब कमी, किंवा डिझेलात पाणी. धूरच नाही? मग डिझेल पोचतच नाही. अशा वेळी सगळ्यात आधी स्टॉप वायर, म्हणजे इंजिन बंद करायला ओढतो ती, बघा. काल रात्री ओढलेली ती वायर गंजून तशीच अडकून बसते, आणि लोक पंप खोलतात. पंपावरचा दांडा हातानं मागं ढकलला की काम झालं.

स्टॉप वायर ठीक आहे आणि धूर नाही, तर गाडीनं एअर धरली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली. यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

मी तेव्हा उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली पाने पुसत होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचे मालक आले. जुनी गाडी, गुऱ्हाळावरून गूळ भरायचा आणि शाहू मार्केट यार्डात आणून टाकायचा. तक्रार अशी की गाडी यार्डात चालू होते, रस्त्यात चहाला थांबवली तरी चालू होते, पण घरी रात्रभर उभी केली की सकाळी चालू होत नाही. फक्त घरी. मालकांनी बॅटरी बदलली होती, सेल्फचं आर्मेचर भरून घेतलं होतं, नोझल कॅलिब्रेट केले होते. लिंबू-मिरची तर होतीच. जोतिबाला गुलाल-खोबरंही वाहून झालं होतं. शेवटी घरच्या थोरल्या काकूंनी निकाल दिला होता की भावकीतल्या कुणीतरी दारात काहीतरी पुरलंय.

मिस्त्रींनी गाडी तपासली, ती पहिल्या सेल्फला चालू! मिस्त्री म्हणाले, "मालक, हितं दुखत न्हाई तर हितं औषध कसं देऊ? तुमच्या घरी मुक्कामाला येतो." मालक खूष. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच गाडीतून निघालो. रात्री तांबडा-पांढरा झाला. मटणाच्या रश्श्यात खोबरं भाजून घालायचं का कच्चं, यावर मिस्त्री आणि काकू तासभर भांडले. माझं मत काकूंच्या बाजूचं, भाजूनच. कच्चं घालणाऱ्यांनी खुशाल घालावं, आम्हाला बोलावू नये.

सकाळी सहाला मालकांनी सेल्फ मारला. सेल्फ खणखणीत. मिस्त्री मागं उभे, धुराचा पत्ता नाही. परत मारला, तेच. मालक म्हणाले, "बघा, म्हनलं नव्हतं?" मिस्त्री गाडीकडं न बघता अंगणाकडं बघत होते. घर टेकाडावर, अंगण उताराचं, आणि गाडी घराकडं तोंड करून, म्हणजे नाक वर, टाकी खाली. तेवढ्यात किन्नर पोरगं दात घासत घासत बोललं, "टाकी फुल केलेल्या दिवशी कटकट नसते, मिस्त्री." मिस्त्री त्याच्याकडं वळले आणि म्हणाले, "हे आधी का न्हाई बोललास?" पोरगं म्हणालं, "मला कोन इचारतंय!"

टाकीतून डिझेल ओढणारा जो फीड पंप, त्याचा हँड प्रायमर, म्हणजे हातानं मारायचा दट्ट्या, मिस्त्रींनी सैल केला, मला फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करायला लावला आणि हातानं पंप मारू लागले. स्क्रूच्या कडेनं फसफस फेस आला, बराच वेळ येत राहिला, मग स्वच्छ डिझेलची धार लागली. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी चालू. "आज रात्री तोंड रस्त्याकडं करून लावा," एवढंच सांगून ते पोह्यांना बसले. दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "दिशेचाच दोष हुता बघा!"

मग मिस्त्रींनी टाकीकडून येणाऱ्या पाइपात मध्येच वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवून मालकांना वाकून बघायला लावलं. डिझेलाबरोबर मोहरीएवढे बुडबुडे पळत होते. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा. तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. उसाच्या रसाच्या नळीला वर भोक पडलं की कसा रसाऐवजी वारा तोंडात येतो, तसंच. चालू इंजिन थोडीफार हवा पचवतं. पण रात्रभर नाक वर करून उभी केली की त्याच चिरेतून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल उतारानं मागं टाकीत जातं. टाकी फुल असली की पातळी वर, डिझेल मागं सरकत नाही. मार्केट यार्ड सपाट, तिथं निभावून जायचं. सापडलं काय, तर बँजो बोल्टाखालचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाखालचे, दोन तांब्याचे वॉशर, दाबून दाबून कागदासारखे झालेले. नवे घातले, बुडबुडे थांबले. बॅटरी, आर्मेचर, नोझल आणि जोतिबाची फेरी मिळून जो खर्च झाला होता, त्यापुढं वॉशरची किंमत सांगायला मिस्त्रींना लाज वाटली. मालकांनी पुढच्या महिन्यात फाटकच बदलून दुसऱ्या बाजूला घेतलं. गाडी आता कशीही लावली तरी चालेल, हे त्यांना काही पटलं नाही.

तेव्हा बँजो खोलला की वॉशर नवा घाला. जुना वॉशर परत घालू नका. परत सांगतो, जुना घालू नका.

काचेपलीकडून मला हात दाखवतायत, वेळ संपत आलीय. म्हणून भराभर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या किती गाड्या बुडाल्या, आपण पाहिलंय. पावसात उभी राहिलेली गाडी असेल तर फिल्टरच्या बुडाचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी असेल तर तळाला बसलेलं दिसेल. आणि हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून गाडी चालू करायची सवय असेल, तर ती आजपासून सोडा. फिल्टर पेटून केबिन जळालेली मी पाहिली आहे. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मग मिनिटभर गप्प बसा, त्याला निवू द्या.

आता शेवटचं. गार असताना चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की लगेच चालू होत नाही, असं असेल तर डिझेलच्या पंपावर ओलं फडकं टाका आणि पाच मिनिटं थांबा. चालू झाली, तर पंपाचे एलिमेंट, म्हणजे आतले दाब देणारे दट्टे, झिजलेत. गरम झालेलं पातळ डिझेल त्यातून निसटतं, नोझलपर्यंत दाब पोचत नाही. ते काम घरी करायचं नाही, पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडं न्यायचा. आणि फडकंच टाका बरं का. चालू गाडीच्या तापलेल्या पंपावर गार पाण्याची बादली ओतलीत, तर पंप जागेवर जाम होईल.

नमस्कार.