पुढचा कोण, हे ठरू न देणारं कलम

श्रोतेहो, नमस्कार.

वय झालेला सत्ताधीश खुर्ची सोडत नाही, तेव्हा बातम्या येतात लष्कराच्या आणि मतपेट्यांच्या. पण त्या देशाची राज्यघटना हाती लागली, तर सगळ्यात आधी एकच कलम उघडावं: राष्ट्राध्यक्षाचं पद मुदतीआधी रिकामं झालं तर पुढे कोण? रॉबर्ट मुगाबे झिम्बाब्वेवर ३७ वर्षं राज्य करू शकले, त्यात या कलमाचा वाटा फार मोठा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर घटना शिकणारी आपली मुलंमुली ऐकत असतील, तर त्यांनी या भागाकडे मुद्दाम कान द्यावा.

मुगाबे १९८० साली पंतप्रधान झाले, वय ५६. सात वर्षांनी त्यांनी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानपदच रद्द केलं आणि सर्वाधिकार असलेले राष्ट्राध्यक्ष झाले. किती वेळा निवडून यायचं, यावर मर्यादा नव्हती. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये त्यांच्या सरकारनं नव्या घटनेचा मसुदा सार्वमताला टाकला आणि सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. हा त्यांचा पहिला मोठा पराभव. त्यानंतर काही दिवसांतच गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर कब्जे सुरू झाले.

वसाहतकाळात गोऱ्यांच्या हाती गेलेल्या जमिनीचा अन्याय खरा होता, तो दूर व्हायलाच हवा होता. पण झालं काय ते बघा. बँका शेतीला कर्ज द्यायच्या ते जमिनीच्या कागदांवर. ते कागद एका रात्रीत निकामी झाले, आणि नव्यानं जमीन मिळालेल्यांच्या नावावर तारण ठेवण्याजोगा मालकीहक्क आलाच नाही. कर्ज नाही, म्हणून बियाणं नाही, खत नाही. तंबाखूची निर्यात कोसळली, परकीय चलन आटलं, आणि रिकाम्या तिजोरीवर सरकारनं उपाय काढला तो नोटा छापण्याचा.

२००६ मध्ये चलनातली ३ शून्यं कापली, २००८ मध्ये १०, फेब्रुवारी २००९ मध्ये आणखी १२. मिळून २५ शून्यं. शेवटी शेवटी निघालेली सगळ्यात मोठी नोट आपल्या हिशेबात शंभर लाख कोटींची, एकावर चौदा शून्यं. तिच्यावर एकमेकांवर तोललेल्या शिळांचं चित्र. नोव्हेंबर २००८ मध्ये, अभ्यासकांच्या अंदाजानुसार, भाव साधारण दर २४ तासांनी दुप्पट होत होते. मंडईत आज २० रुपयांना घेतलेली मेथीची जुडी बरोबर आठवड्यानं २,५६० रुपयांना, असा तो वेग. त्याच सुमाराला राजधानी हरारेत पाणी शुद्ध करायची रसायनं संपली, नळ बंद पडले आणि कॉलरा पसरला. ४,००० हून अधिक माणसं गेली. ज्या रोगाला मीठ-साखरेचं पाणी आणि सलाइन पुरतं, त्या रोगानं गेली.

आणि याच काळात खुर्चीची डागडुजी चालू होती. २००७ च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की राष्ट्राध्यक्षपद मध्येच रिकामं झालं, तर जनतेनं नव्हे, संसदेनं उत्तराधिकारी निवडायचा. म्हणजे पक्ष मुठीत तर वारसही मुठीत. मार्च २००८ च्या निवडणुकीत विरोधी पक्षनेते मॉर्गन त्स्वांगिराय यांना ४७.९ टक्के, मुगाबेंना ४३.२ टक्के मतं पडली. निकाल महिनाभर रोखून धरला गेला. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती, म्हणून फेरमतदान ठरलं; त्याआधी इतका हिंसाचार झाला की त्स्वांगिराय यांनी माघार घेतली.

२०१३ ची नवी घटना वरवर पाहता चांगली होती: पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती. मात्र जुनी वर्षं मोजायची नाहीत, त्यामुळे ८९ वर्षांच्या मुगाबेंना २०२३ पर्यंत रान मोकळं. दुसरी मेख अनुसूचीत मारलेली होती. उपाध्यक्ष हा राष्ट्राध्यक्षाबरोबर जोडीनं निवडून येईल, असं मूळ कलम. पण ते पहिली दहा वर्षं लागू नाही. जो लोकांकडून निवडून येतो, त्याला काढणं अवघड असतं. नेमलेल्याला काढायला एक पत्र पुरतं. डिसेंबर २०१४ मध्ये उपाध्यक्ष जॉइस मुजुरू यांना तसंच काढलं, ६ नोव्हेंबर २०१७ ला एमर्सन मनांगाग्वा यांना. पण या दुसऱ्या वेळी लष्कराच्या माणसावरच हात पडला होता. घटनेतून वर जायची वाट बुजली म्हटल्यावर आठवडाभरात हरारेच्या रस्त्यांवर चिलखती गाड्या आल्या, आणि २१ नोव्हेंबरला, महाभियोग सुरू असताना, ९३ वर्षांच्या मुगाबेंनी राजीनामा दिला.

सत्तेवर आलेल्या मनांगाग्वांनी २०२१ मध्ये काय केलं? जोडीनं निवडून येण्याचं ते कलम लागू होण्याआधीच कायमचं काढून टाकलं. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते, कारण त्या कलमाच्या अभावाचा फटका खुद्द त्यांनाच बसला होता.

आता ते ८० च्या पुढे आहेत, २०१३ च्या घटनेप्रमाणे दुसरी मुदत २०२८ ला संपते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुतारे इथल्या अधिवेशनात त्यांच्या सत्ताधारी झानू-पीएफ पक्षानं ती २०३० पर्यंत नेण्याचा ठराव केला. यापुढच्या बातम्या वाचताना त्याच घटनेतलं कलम ३२८ शोधा. घटनादुरुस्तीचा मसुदा ९० दिवस आधी राजपत्रात यायला हवा, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. शिवाय पदावरचा काळ वाढवणारी दुरुस्ती केली, तरी ते पद आधी भूषवलेल्या माणसाला तिचा लाभ मिळत नाही. हे पोटकलम बदलायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. आपल्याकडे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली होती आणि ती परत पाचावर आणायला चव्वेचाळिसावी दुरुस्ती लागली; सार्वमताची सोय आपल्या घटनेत नाही.

पळवाट बहुधा अशी सांगितली जाईल: मुदती दोनच ठेवतो, फक्त प्रत्येकीची लांबी वाढवतो. पण कलम ३२८ मुदती मोजत नाही, एखादी व्यक्ती पदावर किती काळ राहू शकते ते मोजते. २०२१ मध्ये सरन्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय ७० वरून ७५ पर्यंत नेलं गेलं, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयानं ‘वयाची अट म्हणजे पदावरच्या काळाची मर्यादा नव्हे’ असं म्हणून ती कलम ३२८ च्या बाहेर काढली होती. राष्ट्राध्यक्षपदाला तर वयाची वरची अटच नाही.